शिवराईचे प्रकार वजनावरून पाडण्याआधी ठसा मोजा

तुम्ही लिहिलंय की वाईच्या घरातल्या डब्यात ४१ शिवराया निघाल्या, वजनं ७.६ पासून १०.९ ग्रॅमपर्यंत आहेत, आकारही कमीजास्त आहेत, आणि त्यावरून तुम्ही नऊ प्रकार पाडलेत. मेहनत दिसते. पण माझ्या मते त्यातले बरेचसे प्रकार टिकणार नाहीत.

शिवराई म्हणजे मराठेशाहीतलं, शिवाजी महाराजांच्या नावाचं, हातानं पाडलेलं तांब्याचं नाणं. चांदीच्या रुपयाचं वजन सराफ तपासायचा, त्यामुळे टांकसाळीला त्यात जपावं लागे. तांब्याच्या पैशाला एवढी कसोटी कोण लावतो? शेजारशेजारच्या दोन चकत्यांत (ज्यावर ठसा मारतात त्या तांब्याच्या तुकड्यांत) अर्ध्या ग्रॅमचा फरक सहज पडायचा. वर ते नाणं पिढ्यान्‌पिढ्या बाजारात झिजलं, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत शिवराई चालत होती. म्हणजे ९.१ आणि ९.६ हे दोन प्रकार नव्हेत, एकाच प्रकाराची दोन नाणी आहेत.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. तिथे वजन बदललं म्हणजे सरकारनं ठरवून बदललं. सातव्या एडवर्डचा १९०६ चा पाव आणा बघा. साल तेच, राजा तोच, व्यासही जवळपास तोच २५.४ मिलिमीटर. पण तांब्याचा ६.४७ ग्रॅमचा आणि ब्राँझचा ४.८६ ग्रॅमचा. हे खरे दोन प्रकार, आणि ते ओळखायला वजनकाटाच लागतो. आपला एक रुपयाही तसाच: आधी २८ मिलिमीटर नि ८ ग्रॅम, १९८३ मध्ये २६ नि ६, २०११ मध्ये २२ मिलिमीटर नि ३.७९ ग्रॅम. या नाण्यांची सवय झालेला माणूस शिवराईकडे वळला की प्रत्येक दशांशात त्याला नवा प्रकार दिसायला लागतो.

मग शिवराईत काय मोजायचं? चकती नव्हे, ठसा, म्हणजे तिच्यावर उमटलेली अक्षरं आणि वलय. चकती बहुतेक वेळा ठशापेक्षा लहान असते, म्हणून पुढच्या बाजूच्या 'श्री राजा शिव' मधलं एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलं असतं. ठिपक्यांचं वलय थोडं जरी दिसत असलं तरी त्याच्या वळणावरून पूर्ण व्यासाचा अंदाज येतो. तेही नसेल तर 'राजा' या शब्दाची लांबी मोजा. ती लांबी तीच आणि चकती तेवढी लहान, असं असेल तर आकारातला फरक योगायोगाचा समजा. अक्षरंही त्याच प्रमाणात लहान असतील आणि वजन निम्म्याच्या आसपास असेल, तर मात्र अर्धी शिवराई म्हणून वेगळी काढा. दोन्ही खुणा एकत्र दिसायला हव्यात. नुसत्या हलकेपणावर अर्धी म्हणू नका.

आधी गट पाडा ते लेखनावरून: 'शिव' की 'सिव', मागच्या 'छत्रपति' मध्ये 'पति' की 'पती', ओळींची मांडणी, आणि मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा आहेत का. त्या असल्या तर ती दुदांडी, उशिराची. तिला जुन्या शिवराईच्या ढिगात मिसळून सरासरी काढलीत तर आकडा निरर्थक येईल. गट झाल्यावर प्रत्येक गटासाठी चौकटीच्या कागदावर ०.२ ग्रॅमचे कप्पे आखा आणि नाण्यामागे एक टिंब द्या. टिंबांचा एकच उंचवटा आला तर वजनाचं प्रमाण एकच होतं. मधे रिकामी जागा सोडून दोन उंचवटे आले तर विचार करायला जागा आहे. दहाबारा नाण्यांवरून मात्र निष्कर्ष काढू नका.

कुणीतरी तुम्हाला वजन तोळ्या-माशात बसवायला सांगितलंय. घाई नको. ११.६६ ग्रॅमचा तोळा कंपनी सरकारनं १८३३ मध्ये ठरवला. त्याआधी तोळा गावोगाव वेगळा होता.

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्या. आमच्या सांगलीत सराफाकडे एखादं नाणं तपासून आणलं तर काट्याचा अंदाज येतो. नाहीतर २०१९ च्या आधीचं, न झिजलेलं पिवळं पाच रुपयांचं नाणं ठेवा, ६ ग्रॅमच्या आसपास दाखवलं पाहिजे. कडी लावलेली, भोक पाडलेली आणि देवघरातली नाणी वजनाच्या हिशेबातून बाहेर ठेवा. वर्षानुवर्षं चिंचेनं घासलेल्या शिवराईचं आजचं वजन टांकसाळीबद्दल काहीच सांगत नाही. आणि कळंक काढायला म्हणून तुम्ही स्वतः तर मुळीच घासू नका.

नोंदवहीत नाण्याचा क्रमांक आणि प्रकाराचा संकेत हे दोन रकाने वेगळे हवेत. तुम्ही 'शि-९१' असं वजनच क्रमांकात घातलंय. उद्या काटा बदलला तर? क्रमांक आल्या क्रमानं द्या आणि तो कधी बदलू नका. प्रकार पेन्सिलीनं लिहा, तो बदलणारच. शेजारी वजन, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास (चकती गोल नसतेच), जाडी, झीज कमी-मध्यम-जास्त, आणि पुढची बाजू सरळ धरून उलटल्यावर मागची अक्षरं घड्याळाच्या कितीच्या काट्यावर येतात ते. हा शेवटचा रकाना लोक गाळतात. मला तोच सगळ्यांत कामाचा वाटतो.

७.६ ग्रॅमचं ते एकुलतं नाणं आत्ता कुठल्याच गटात टाकू नका. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा असे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून इथे टाका. कड कापलेली असण्याची शक्यता मला जास्त वाटते.