ओट्याखालचे खोल कप्पे आणि मागचं भांडं पुढे आणणाऱ्या वस्तू

तुम्ही विचारलंय की नव्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली बिल्डरने दिलेले कडप्प्याचे कप्पे आहेत, वर भिंतीवर प्लायची कपाटं आहेत आणि तोडफोड करायची नाही. बजेट बेताचं आहे, सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसून मागचं भांडं काढता येत नाही. बाजारात असंख्य स्टँड, ट्रे, जाळ्या दिसतात, त्यातलं आधी काय घ्यावं? सासूबाईंचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तरी सगळं उत्तर तिथूनच सुरू करावंसं वाटतं.

ओटा साधारण २४ इंच खोल असतो. थोडं वाकून सहज हाताला येतो तो पुढचा ८-१० इंचांचा भाग. त्यामागे जे जातं ते काढायला पुढचं सगळं बाहेर काढावं लागतं, आणि मग घरातली माणसं ते काढणंच सोडून देतात. म्हणून कुठलीही वस्तू घेण्याआधी एवढंच बघा: हिच्यामुळे मागचं पुढे येतं का? येत असेल तर तिच्यावर पैसे घाला. नुसतं नीटनेटकं दिसणार असेल तर ती नंतर घेतली तरी चालेल.

या हिशेबाने पहिला खर्च ओट्याखालच्या ट्रॉल्यांचा, आणि ट्रॉलीपेक्षाही तिच्या चॅनलचा, म्हणजे ट्रॉली ज्यावर आत-बाहेर सरकते त्या पट्ट्यांचा. जुन्या पद्धतीचं चाकाचं चॅनल ट्रॉली पाऊण भागच बाहेर काढतं, म्हणजे मागचा पाव भाग आतच राहतो. ज्यासाठी आपण खर्च करतोय नेमकं तेच हुकतं. तीन भागांचं टेलिस्कोपिक चॅनल घ्या, ते पूर्ण बाहेर येतं. त्याची वजन पेलायची क्षमता साधारण ३५ ते ४५ किलो असते, पातेली-कुकर-कढयांना ती पुरते. सॉफ्ट क्लोज (हळूच, न आपटता बंद होणं) असेल तर छान, पण पैसे कमी पडत असतील तर आधी तेच गाळा. पूर्ण उघडणं मात्र गाळू नका.

कडप्प्याच्या कप्प्यांत दोन अडचणी येतात. एक म्हणजे कडप्प्याला चॅनलचा स्क्रू थेट धरत नाही. सुतार आधी प्लायची पट्टी बसवतात किंवा स्टीलवाले आतून चौकट देतात आणि चॅनल त्यावर बसतं. दुसरी अडचण अशी की कडप्पे अगदी काटकोनात उभे केलेले क्वचितच असतात. रुंदी पुढे मोजा, मध्ये मोजा, मागे मोजा, तिथेच खाली आणि वरही मोजा, आणि सगळ्यात लहान माप धरा. टेलिस्कोपिक चॅनल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातं. शिवाय पट्ट्यांची जाडी जाते. म्हणजे १८ इंचांच्या कप्प्यात दोन्ही बाजूंना पाऊण इंचाची पट्टी मारली तर आत साडेसोळा इंच उरतात, आणि ट्रॉली येते साडेपंधराची. तयार जाळ्या बहुतेक १५, १७, १९ आणि २१ इंच अशा मापांत मिळतात, त्यामुळे तिथे १५चीच घ्यावी लागते. दुकानात जाऊन जाळी पसंत करायची आणि मग घरी बसवायचं बघायचं, असं करू नका. खोलीचंही तसंच. ट्रॉली शक्यतो २० इंच खोल घ्या, पण मागे पाण्याचा किंवा गॅसचा पाइप जातोय का ते टॉर्च लावून आधी बघा.

काही कप्प्यांना मध्ये आडवा कडप्पा असतो. तो काढायचा विचार नको, वरच्या ओट्याचा भार कशावर आहे ते बाहेरून कळत नाही. अशा ठिकाणी तळावर बसवायचे सरकते ट्रे मिळतात. त्यांचं चॅनल बाजूला न जाता खाली बसतं. उंची थोडी जाते, पण मागचं पुढे येतं.

आता स्टील. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात आणि 'चिकटत नाही, म्हणजे ३०४ आहे', म्हणजे स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड आहे, असं सांगतात. ही परीक्षा पुरेशी नाही. २०२ ग्रेडचं स्टीलही चुंबकाला फारसं चिकटत नाही. फरक आतल्या मिश्रणात असतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, तर २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ओल आणि मिठाजवळ २०२ लवकर गंजतं, विशेषतः जोडांपाशी. तुम्ही मुंबई-ठाणे-कोकण पट्ट्यात असाल तर ओट्याखाली ३०४च घ्या आणि ग्रेड बिलावर लिहून घ्या. घाटावरच्या कोरड्या हवेत, ताटं-डब्यांच्या ट्रॉलीला २०२ सुद्धा बरीच वर्षं टिकतं, मात्र ओली भांडी ठेवायची ट्रॉली तिथेही ३०४ची असू द्या. जाळीवर हात फिरवून जोड बघा. खडबडीत, काळपट जोड असलेली जाळी कितीही चकचकीत असली तरी परत द्या.

ट्रॉल्यांची मांडणी करताना तयार नकाशा घेऊ नका. दुकानातला नेहमीचा संच म्हणजे वर कटलरी, मध्ये कप-बश्या, खाली ताटं. कप-बश्यांची खास वळणांची जाळी आता किती घरांना लागते? आपल्याकडे चहा मगांत किंवा पेल्यांत होतो, आणि त्या वळणांत दुसरं काही बसत नाही. माझं स्पष्ट मत आहे की एकाच कामाच्या जाळ्या कमीत कमी घ्याव्यात. साध्या, सपाट तळाच्या ट्रॉल्या आणि त्यात हलवता येणारे उभे अडसर हे जास्त उपयोगी पडतं. कुटुंब बदलतं, भांडी बदलतात, अडसर सरकवता येतात.

ताटांची जाळी मात्र याला अपवाद. ताटं एकावर एक ठेवली की खालचं काढायला सगळी उचलावी लागतात, आणि ज्यांची मनगटं-गुडघे दुखतात त्यांना तेच जड जातं. उभी ठेवली की एका हाताने हवं ते ताट निघतं. माप मात्र आपल्या ताटाचं घ्या. या जाळ्यांची खाचणी बऱ्याचदा लहान प्लेटच्या बेताने केलेली असते. आपलं जेवणाचं ताट ११-१२ इंचांचं, म्हणजे ते उभं राहायला जाळीच्या तळापासून वरच्या ट्रॉलीपर्यंत किमान १३ इंच मोकळे हवेत. परात, तवा, पोळपाट, ढोकळ्याच्या थाळ्या यांनाही उभा कप्पाच सोयीचा. त्यासाठी ट्रॉली नसली तरी चालते. गॅसशेजारच्या अरुंद कप्प्यात दोन-तीन उभ्या फळ्या किंवा स्टीलचे उभे स्टँड ठेवले की काम होतं.

कटलरी ट्रेबद्दल एक सांगते. तयार प्लास्टिकचे ट्रे काटे-चमचे-सुऱ्यांच्या लांबीचे असतात. आपला झारा, उलथनं, डाव, मोठी पळी त्यात तिरकी पडते आणि ड्रॉवर अडकतो. घरातला सगळ्यात लांब झारा दुकानात घेऊन जा, संकोच करू नका. किंवा लांब वस्तूंसाठी ओट्यावर एक जड बुडाचं उभं भांडं ठेवा, आणि ड्रॉवरमध्ये फक्त चमचे, सोलाणं, किसणी, सांडशी. मिसळणाच्या डब्याला गॅसच्या उजवीकडचा (डावखुरे असाल तर डावीकडचा) सगळ्यात वरचा ड्रॉवर द्या. फोडणी टाकताना हात तिथेच जातो.

गॅसला लागून तेलाच्या बाटल्यांचं अरुंद पुलआउट (ओढून बाहेर येणारी उभी जाळी) बसवायचा आग्रह सगळेच करतात. कप्पा ८ इंचांपेक्षा अरुंद असेल तर मी ते घेऊ नका असंच म्हणेन. चौकट आणि चॅनल वजा जाता ६ इंचांत जेमतेम एक ओळ बाटल्या राहते, त्यातून पाच लिटरचा कॅन तर बसतच नाही. शिवाय शेगडीच्या उष्णतेने तेल लवकर खवट होतं. हाताशी छोटी बरणी ठेवा, मोठा साठा दूर.

वरच्या कपाटांकडे येऊ. ही १२-१३ इंच खोल असतात, त्यामुळे तिथे चॅनलची गरज नाही. इथे दोन स्वस्त वस्तू खूप काम करतात. एक म्हणजे १० इंचांचा फिरता ट्रे. लोणच्याच्या बाटल्या, सॉस, तूप, मध, पापडखार, इनो असं सटरफटर त्यावर ठेवलं की बोटाने फिरवून मागची बाटली पुढे येते. दुसरी म्हणजे कप्प्याच्या आत ठेवायचा, पायांचा छोटा स्टँड. दोन फळ्यांमध्ये १५ इंच अंतर आणि वाट्यांची उंची ३ इंच, अशी कपाटं सर्रास असतात. स्टँड ठेवला की एका फळीच्या दोन होतात. सुतार घरात येणारच असेल तर त्याच्याकडून अर्ध्या खोलीची फळी मारून घ्या. ती बाजारातल्या स्टँडपेक्षा स्वस्त आणि पक्की होते, आणि मागचं पुढचं दोन्ही दिसतं.

फळीला अडकवायच्या जाळ्या घेण्याआधी फळीची जाडी मोजा. पाऊण इंची प्लायला दोन्ही बाजूंनी सनमायका असेल तर ती जवळजवळ २० मिलिमीटर होते, आणि काही जाळ्यांचे आकडे त्यावर चढतच नाहीत. शटरच्या आतल्या बाजूला झाकणांचे स्टँड लावायचे असतील तर आतली फळी दोन-अडीच इंच मागे हवी, नाहीतर दार बंद होत नाही. आणि शटरला वजन झेपतं ते त्याच्या बिजागऱ्यांइतकंच. झाकणं, चाळण्या ठीक. मसाल्याच्या काचेच्या बाटल्यांची रांग तिथे नको.

डब्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे जागा सगळ्यात जास्त वाचते. गोल डबा चौकोनी जागेतली साधारण २१ टक्के जागा रिकामी ठेवतो. स्टीलचे गोल डबे फेकायचे अजिबात नाहीत. पापड, कुरडया, सांडगे, फराळ यांना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाच हवा. पण रोजच्या डाळी-कडधान्यांना पारदर्शक चौकोनी डबे घ्या, आणि सगळे एकाच तळमापाचे, फक्त उंची वेगवेगळी, म्हणजे कोणताही कोणावरही बसतो. किलोभर तूरडाळ दीड लिटरच्या डब्यात निवांत मावते, कणकेला दोन लिटर धरा, पोह्यांना त्याहून बरंच जास्त. पिशवी पूर्ण रिकामी होईल एवढाच डबा घ्या. उरलेली पाव किलो रबर लावून कोपऱ्यात पडली की तिथे पोरकिडे आणि झुरळं यायला वेळ लागत नाही. डबे ट्रॉलीत ठेवणार असाल तर नाव झाकणावर लिहा, कारण वरून झाकणच दिसतं. फळीवर ठेवणार असाल तर पुढच्या बाजूला. सासूबाईंना वाचता येईल अशा ठळक अक्षरात.

आणि डाळ-तांदळाचे जड डबे वर नको. ते कमरेच्या उंचीला, म्हणजे ओट्याखालच्या सगळ्यात वरच्या ट्रॉलीत. १०-१५ किलोचा तांदूळ मात्र चाकांच्या पाटावर पिंपात ठेवा, ओढून पुढे येतो. मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, मोठी पातेली माळ्यावर. प्रत्येक सणाचं एक खोकं, बाहेर नाव. पुठ्ठ्याचं खोकं नको, झाकणाचा प्लास्टिक क्रेट घ्या.

सिंकखाली धान्य किंवा कोरडं काहीही ठेवू नका, तिथे ओल राहतेच. सिंकच्या पाइपला वळसा घालून बसणारा दोन मजली प्लास्टिकचा सरकता स्टँड मिळतो. साबण, घासण्या, फिनेल त्यावर. तळाला कडा उचललेला प्लास्टिकचा ट्रे घाला, गळती लगेच दिसते. कचऱ्याचा डबा शटरला जोडून दार उघडताच बाहेर येणारा मिळतो, आणि वाकायचा त्रास वाचवणारी ही एक खरोखर चांगली वस्तू आहे.

सिलिंडर ओट्याखाली असेल तर चाकांची ट्रॉली घ्याच. १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर टाकीच्या वजनासकट ३० किलोच्या आसपास जातो. पण त्याला बंद ड्रॉवर किंवा घट्ट शटर करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून शटरला खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं हवीतच. नळी ओढली जाऊन मुरगळणार नाही आणि रेग्युलेटरपर्यंत हात पटकन जाईल एवढी जागा सोडा. त्या कप्प्यात दुसरं सामान नको, स्विच-बोर्डही नको.

राहता राहिला एल आकाराच्या ओट्याचा कोपरा. तिथे बसणारं मॅजिक कॉर्नर सुंदर काम करतं, दार उघडून ओढलं की आतल्या जाळ्याही बाहेर येतात. पण ते महाग आहे, त्याला साधारण ९०० मिलिमीटरचं कपाट आणि ४५० मिलिमीटरचं दार लागतं, आणि कडप्प्याच्या कोपऱ्यात एवढी मोकळी जागा बहुधा नसते. फिरत्या गोल जाळ्या स्वस्त पडतात, मात्र त्यांच्याभोवतीचे कोपरे वाया जातात आणि छोट्या वस्तू मागे पडून अडकतात. तुमच्या बजेटमध्ये मी दोन्ही घेणार नाही. कोपऱ्यात लांब दोरीचे किंवा मुठीचे दोन क्रेट ठेवा, त्यात महिन्यातून एकदा लागणारी हलकी भांडी, आणि वाचलेले पैसे रोजच्या ट्रॉल्यांच्या चॅनलला लावा. तरीही मॅजिक कॉर्नर हवंच असेल तर कोपऱ्याच्या दाराची मोकळी रुंदी, आतली खोली आणि मध्ये आडवा कडप्पा आहे की नाही एवढं लिहा, ते बसेल का ते सांगते.