बिआतो यांच्या छायाचित्रांतील रंग

प्रश्न : फेलिचे बिआतो यांनी जपानच्या योकोहामा बंदरात 1860च्या दशकात काढलेली छायाचित्रे रंगीत कशी?

उत्तर : ते रंग कॅमेऱ्याचे नाहीत, कुंचल्याचे आहेत. लखनौमध्ये 1858 साली 1857च्या उठावाच्या खुणा टिपणारे बिआतो 1863 साली योकोहामात आले आणि चित्रकार चार्ल्स विर्गमन यांच्यासोबत त्यांनी व्यवसाय मांडला. काचेवर कलोडियन या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती प्रकाशाला संवेदनशील व्हावी म्हणून सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि थर ओला असतानाच चित्र घेऊन लगेच धुवायचे, अशी ती दमवणारी पद्धत होती. या काचेवरून अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर तपकिरी छटेचे चित्र उतरे आणि जपानी कलावंत त्यात जलरंग भरत. किमोनोच्या काठावरची बारीक नक्षी रंगवणारा तो सराईत हात पाहिला, की या चित्रांचे श्रेय एकट्या बिआतोंना देणे मला अन्यायाचे वाटते.

1866च्या आगीत त्यांचा स्टुडिओ आणि काचा जळाल्या, तरी त्यांनी नव्याने चित्रे काढून 1868 साली संग्रह सिद्ध केला. 1877 साली त्यांनी हा व्यवसाय विकला.