माउसच्या शोधापासून सुरुवात करू नका

पहिल्या वर्षाच्या मुलांना इंटरॅक्टिव्ह कॉम्प्युटिंगचा, म्हणजे संगणकाशी थेट देवाणघेवाण करत काम करण्याचा, इतिहास चार तासांत शिकवायचा आहे, तर अबॅकसपासून सुरुवात करू की संगणकाच्या पिढ्यांच्या तक्त्यापासून, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही नको. तो तक्ता मुलं बारावीपर्यंत पाठ करून आलेली असतात आणि त्यातून त्यांच्या हाती काहीच लागलेलं नसतं. हा इतिहास घडवणाऱ्या लोकांना नेमकं काय खुपत होतं, तिथून सुरुवात करा.

त्यांतले पहिले अमेरिकी संशोधक लिकलायडर, हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. आपला वेळ जातो कुठे, याची त्यांनी 1957 मध्ये स्वतःच नोंद ठेवली. विचार करण्यात जातो असं वाटणाऱ्या वेळातला सुमारे 85 टक्के वेळ आकडे शोधण्यात, आलेख काढण्यात, म्हणजे विचाराच्या नुसत्या तयारीत जात होता. 1960 च्या लेखात त्यांनी माणूस आणि यंत्राच्या भागीदारीची कल्पना मांडली, तिच्यामागे ही नोंद होती. तेव्हाची रीत म्हणजे पंच कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि तासन्‌तास उत्तराची वाट पाहायची. एवढी पार्श्वभूमी पहिल्या तासाला पुरते.

दुसरा तास माउसचे जनक, अमेरिकी संशोधक एंगेलबार्ट यांच्या विटेसाठी ठेवा. 1962 च्या अहवालात त्यांनी पेन्सिल विटेला बांधून लिहून पाहिलं होतं. वर्गात हे खरंच करा. वीट, सुतळी आणि पेन्सिल लागते, बस. मुलं आधी हसतात, मग चार शब्द लिहिताना मेटाकुटीला येतात. तेव्हा विचारा: पेन्सिली पहिल्यापासून एवढ्याच जड असत्या तर माणसानं किती लिहिलं असतं, आणि काय विचार केला असता? साधन बदललं की विचार करण्याची पद्धतही बदलते, हा एंगेलबार्टचा मुद्दा मुलांना मनगटातून कळतो. व्याख्यानाने तो इतका पोचत नाही.

त्यानंतरच एंगेलबार्टनी 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या संगणक प्रणालीचं आणि माउसचं केलेलं प्रात्यक्षिक दाखवा. चित्रफीत नव्वद मिनिटांची आहे, सगळी नको. केळी-गाजरांची बाजाराची यादी ते पडद्यावर गटवार लावतात तो भाग आणि दूर मेन्लो पार्क गावातला सहकारी त्याच मजकुरावर काम करतो तो भाग, एवढं पुरे. सगळे माउसकडेच बघतील. त्यांना यादीच्या रचनेकडे वळवा, कारण खरा विचार तिथे आहे.

राहिलं स्केचपॅड, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर थेट चित्र काढायचा प्रोग्राम. माझं सर्वांत लाडकं उदाहरण, याला पूर्ण तास द्याच. तो लिहिणाऱ्या सदरलँडचा 1963 चा प्रबंध, टीएक्स-2 नावाचा संगणक, हातात पडद्यावर टेकवायचं लाइट पेन. वेडावाकडा षटकोन काढायचा, सगळे कोपरे एका वर्तुळावर ठेवायला आणि बाजू सारख्या करायला सांगायचं, की आकृती आपोआप नेटकी होते. पुढे त्याच षटकोनाच्या शेकडो प्रती मांडायच्या. मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती बदलतात. षटकोनांच्या जाळीचे माशाचे खवले झाले ते असेच. प्रोग्रामिंगमधले क्लास आणि ऑब्जेक्ट, म्हणजे साचा आणि त्याच्या प्रती, शिकवताना मी अजूनही इथूनच सुरुवात करतो.

झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्राचा 1973 चा आल्टो संगणक वेळ उरला तर घ्या. आणि परीक्षेत ‘माउसचा शोध कोणी लावला’ हा प्रश्न कृपया घालू नका. त्याऐवजी रोजच्या वापरातलं एखादं ॲप द्या आणि त्यातली वीट कोणती ते लिहायला सांगा.