गाडीचे प्रश्न : सासू-सासरे, दोन कारसीट आणि एक ऑक्टाव्हिया कॉम्बी

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही जर्मनीत कार्ल्सरुहेला राहतो. मुलगा चार वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. इतके दिवस ट्राम आणि सायकलवर निभावलं, पण आता गाडी घ्यायचीच असं ठरलंय. माझं ऑफिस घरापासून सहा किलोमीटरवर, ह्यांचं काम घरूनच. दोन महिन्यांतून एकदा म्युनिकला नणंदेकडे जाणं होतं. मे महिन्यात सासू-सासरे नाशिकहून तीन महिन्यांसाठी येतायत. बजेट चौदा हजार युरो. दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (लांब डिकीच्या स्टेशन वॅगन), दोन्ही 2018 च्या. एक 2.0 टीडीआय डिझेल, 150 पीएस (हॉर्सपॉवर), सहा गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), 1,38,000 किलोमीटर, डीलरकडे, 11,900 युरो. दुसरी 1.5 टीएसआय पेट्रोल, मॅन्युअल, 74,000 किलोमीटर, एका आजी-आजोबांची, 13,500 युरो. ह्यांना डिझेल ऑटोमॅटिकच हवीय. मोठं इंजिन, आणि वर सोळाशे युरो वाचतायत म्हणतात. दोन्ही गाड्यांचे फोटो आणि तपासणीचे अहवाल पाठवतेय. कुठली घेऊ?
– एक वाचक, कार्ल्सरुहे

उत्तर : आधी डोकी मोजा. तुम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. झाले सहा. कॉम्बी कितीही लांबलचक दिसली तरी सीटा पाचच. आणि ती पाचवीही नावापुरती. मागे दोन कारसीट लावल्यावर मधे जी जागा उरते तिच्यात एखादा सडपातळ कॉलेजकुमार बसेल, सासूबाई नाही. त्यातून त्यांना बेल्टचं बक्कल सापडणार नाही, कारण ते कारसीटच्या खाली दबलेलं असेल. तेव्हा मे ते जुलै ह्या गाडीतून सगळं कुटुंब एकत्र फिरेल हे चित्र आजच डोक्यातून काढून टाका.

म्हणून सात सीटांची घ्यायची का? माझ्या मते नाही. सहाव्या माणसासाठी तिसरी रांग उघडली की डिकीत जेमतेम भाजीच्या पिशव्या राहतात. वर्षातले नऊ महिने तुम्ही चौघंच असणार. सासू-सासऱ्यांना घेऊन लांब जायचं असेल त्या शनिवार-रविवारी नऊ सीटांची व्हॅन भाड्याने घ्या, किंवा सरळ रेल्वेने जा. विमानतळावर मात्र कॉम्बीच कामाला येते. एकाने गाडी घेऊन जायचं, मुलांना घरी ठेवायचं. ऑक्टाव्हियाच्या ह्या तिसऱ्या पिढीच्या कॉम्बीची डिकी 610 लिटरची, मागच्या सीटा पाडल्या तर 1,740. नाशिकहून येणाऱ्या चार मोठ्या बॅगा, त्यात दडवलेली कुरडया-पापडांची खोकी, बाबागाडी, सगळं मावतं.

मावतं म्हणून झेपतंच असं मात्र नाही. गाडीच्या नोंदणीपत्रावर जी आणि एफ 2 असे दोन रकाने असतात. जी म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, त्यात 75 किलोचा चालक धरलेला असतो. एफ 2 म्हणजे भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. दोहोंमधला फरक हे तुमचं खरं सामान, म्हणजे बाकीची माणसं धरून. शिवाय डिकीत सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचायचं असेल तर मधे जाळी लावा. इंडियन स्टोअरमधून आणलेली दहा किलोची आट्याची गोणी मोकळी राहिली तर कचकन ब्रेक मारल्यावर ती थेट मुलांच्या डोक्याकडे येते. डिकीच्या तळाशी कड्या असतात, बांधायचा पट्टा स्वस्तात मिळतो.

आता डिझेल. नवरोजींना हा परिच्छेद वाचून दाखवा. डिझेलच्या धुरातली काजळी एका गाळणीत साठते आणि ती गाळणी स्वतःला साफ करते ती काजळी जाळून. त्यासाठी इंजिन चांगलं तापलेलं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळत असावी लागते. तुमच्या ऑफिसच्या सहा किलोमीटरांत, त्यातही जानेवारीत, इंजिन नीट गरमसुद्धा होत नाही. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक साफसफाईत थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होत जातं. दोन महिन्यांतून एकदाच्या म्युनिकवारीने हे भरून निघत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये गाळणीचा दिवा लागून आलेल्या गाड्यांच्या मालकांना मी पहिला प्रश्न विचारते, ऑफिस किती लांब? उत्तर बहुतेक वेळा दहाच्या आतलंच असतं.

करही बघा. जर्मनीत डिझेलला दर 100 सीसीमागे साडेनऊ युरो, पेट्रोलला दोन. म्हणजे तुमच्या 2.0 डिझेलचे वर्षाला 190 युरो आणि 1.5 पेट्रोलचे 30. कार्बन डाय ऑक्साइडचा भाग दोन्हींवर वेगळा. पंपावर डिझेल सहसा स्वस्त मिळतं, पण तुम्ही वर्षाला जेवढं चालवणार त्यात तो फायदा ह्या करातच विरून जातो.

एक बाब डिझेलच्या बाजूचीही सांगते, नाहीतर तुमचे मिस्टर म्हणतील ताई आधीच ठरवून बसल्या. 2015 साली फोक्सवॅगनच्या धूर-चाचणी घोटाळ्यात गाजलेलं ते ईए 189 इंजिन ह्या गाडीत नाही, हे त्याच्या नंतरचं आहे. हमरस्त्यावरून रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्याला मी हीच गाडी घ्यायला सांगितली असती. आणि तो सहा गिअरचा डीएसजीही चांगला आहे, त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात, पण त्याचं तेल दर 60,000 किलोमीटरला बदलावंच लागतं. 1,38,000 म्हणजे दोनदा झालेलं असायला हवं. बिलं दाखवा म्हणावं. "सगळं वेळच्या वेळी केलंय" हे डीलरचं वाक्य म्हणजे बिल नव्हे.

ह्या विशिष्ट डिझेल गाडीवर माझी फुली आहे ती तुम्ही पाठवलेल्या अहवालांमुळे. तपासणीच्या प्रत्येक अहवालावर त्या दिवशीचे किलोमीटर छापलेले असतात, लोक ते वाचतच नाहीत. 2023 च्या अहवालावर 1,21,000 आहेत. म्हणजे पहिली पाच वर्षं वर्षाला चोवीसेक हजार, आणि पुढच्या दोन वर्षांत मिळून फक्त सतरा हजार. त्याच सुमाराला मालक बदललाय. पहिल्याने ती हमरस्त्यावर पळवली, दुसऱ्याने बहुधा गावातल्या गावात. ती गाळणी आता कुठल्या अवस्थेत असेल ह्याचा अंदाज तुम्हालाही करता येईल.

मागच्या बंपरचा फोटो मोठा करून बघा. वरच्या कडेवर बारीक, समांतर ओरखडे आहेत. बॅगांचे ओरखडे आडवे-तिडवे आणि रुंद असतात. हे कुत्र्याच्या नखांचे. कुत्रा असण्यात वाईट काही नाही, जर्मनीत कॉम्बी घेणारे कित्येक जण कुत्र्यासाठीच घेतात. पण जाहिरातीत त्याचा उल्लेख नाही, आणि तुमची लेक त्या गालिच्यावर रांगणार आहे. खाली ट्रेलरचा हुकही दिसतोय आणि त्याचा गोळा घासून चकचकीत झालाय. काय ओढत होते, किती ओढत होते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॅरव्हॅन ओढलेल्या गाडीचे क्लच लवकर थकतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं : जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत "इम कुंडेनआउफट्राग" लिहिलंय. म्हणजे डीलर ही गाडी स्वतः विकत नाहीये, दुसऱ्या कुणाच्या वतीने विकतोय. डीलरकडून घ्यायचं तर त्याचा फायदा काय? वापरलेल्या गाडीवरही त्याला किमान वर्षभर जबाबदारी घ्यावी लागते, आणि 2022 पासून पहिल्या बारा महिन्यांत दोष निघाला तर तो आधी नव्हता हे सिद्ध करणं त्याच्या गळ्यात. गाडी एखाद्या खासगी माणसाच्या वतीने विकली की तो हे अंगाला लावून घेत नाही. दुकान डीलरचं, जोखीम तुमची. सोळाशे युरो वाचतायत ते इथे.

तेव्हा आजी-आजोबांची पेट्रोल. पण डोळे मिटून नाही. खासगी विक्रीत जबाबदारी नाकारायची मुभा असते आणि बहुतेक जण करारात ती नाकारतातच. ते गृहीत धरूनच बघायला जा.

फोन करताना सांगा, आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा, थंड हवं. ह्या 1.5 टीएसआयच्या सुरुवातीच्या गाड्या, विशेषतः मॅन्युअल, थंड असताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके देत. कंपनीने नंतर त्यावर सॉफ्टवेअर काढलं. ते घातलंय का हे अधिकृत वर्कशॉपमध्ये कळतं. तुम्ही स्वतः थंड गाडी काढून पहिल्या दोन चौकांपर्यंत न्या. आजोबांना चालवू देऊ नका, त्यांना त्या क्लचची सवय झालेली असते. इंजिनाच्या ह्या कुटुंबात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या घरातून कूलंट झिरपतं. टाकीतली पातळी बघा, आणि वाळलेल्या कूलंटचे गुलाबीसर डाग कुठे दिसतात का तेही.

मग डिकी. फोटोंत ती झाडून-पुसून लख्ख आहे, पण तळाची फळी उचललेला एकही फोटो नाही. उचला. खालच्या खळग्यात बोटं फिरवा, कोपऱ्यातल्या फोमखाली सुद्धा. कॉम्बीच्या मागच्या बाजूला पाणी शिरायच्या जागा पुष्कळ : मागच्या काचेच्या फवाऱ्याची नळी, वरच्या ब्रेकलाइटचं रबर, छतावरच्या दांड्या. ओल असेल तर कुबट वास लपत नाही. सुगंधी झाड टांगलेलं असेल तर जास्तच हुंगा. मागचा दरवाजा पूर्ण उघडून बिजागरीजवळचं रबरी आवरण हाताने वाकवा. त्याच्या आतून वायरी जातात आणि दरवाजा हजारो वेळा उघडून-मिटून त्या तिथेच तुटतात. म्हणून दरवाजा उघडा असतानाच मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा, कुलूप, सगळं चालवून बघा.

एका फोटोत टायरवर 2317 हा आकडा वाचता येतोय. 2017 चा तेविसावा आठवडा, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच उन्हाळी टायर. आठ वर्षं झाली. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असणार, चार नवे धरून चाला आणि तेवढी रक्कम भावात मागा. हिवाळी टायर देणार असतील तर त्यांवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं. नुसतं एम प्लस एस छापलेले हिवाळी म्हणून आता चालत नाहीत.

हे सगळं बरं निघालं तर आजोबांना म्हणा, आम्ही गाडी ट्यूफ, डेक्रा किंवा एडीएसी अशा एखाद्या गाडी तपासणाऱ्या संस्थेच्या केंद्रात दाखवून आणतो, खर्च आमचा. मनाने साफ असलेला माणूस हो म्हणतो. ते आढेवेढे घ्यायला लागले तर चहा पिऊन परत या. विम्याचा आकडा मात्र सही करण्याआधी काढा. इथे पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला पहिल्या वर्षी तो चांगलाच लागतो, आणि चौदा हजारांत तुम्ही तो धरलेला दिसत नाही.

मोठ्या इंजिनाचं दुःख मिस्टरांना फार दिवस होणार नाही. हे दीड लिटरचंही 150 पीएसच आहे.

प्रश्न : ताई, मी ऑक्टोबरमध्ये श्टुटगार्टला आले. पुण्याचं लायसन्स आहे, दहा वर्षं चालवतेय. मैत्रीण म्हणते त्यावर वर्षभर चालवता येतं. खरं का?
– एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : नाही. राहायला आल्यापासून सहा महिने, तेही अधिकृत भाषांतर जवळ ठेवून. मुदत वाढवून मिळते ती वर्षभराच्या आत परत जाणाऱ्यांना, मैत्रिणीचं तसं असेल. पुढे जर्मन लायसन्ससाठी लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीतून देता येते. तुमच्याकडे जुनं लायसन्स असल्याने ठरावीक तासांची सक्ती नाही, तरी चार-सहा तास घ्याच. पुण्यात दहा वर्षं चालवलेल्या माणसाला उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हे हाडीमाशी खिळायला वेळ लागतो, आणि परीक्षक नेमका तशाच गल्ल्यांच्या वस्तीत नेतो. अर्ज आजच करा, वाट बघावी लागते.

प्रश्न : दोन-तीन वर्षांत आम्ही कायमचे औरंगाबादला परतणार. आमची ऑक्टाव्हिया कॉम्बी सोबत नेता येईल का? तिकडे स्कोडाचा कारखानाच आहे, पार्ट मिळायला अडचण नाही.
– एक वाचक, मानहाइम

उत्तर : शेंद्र्याच्या कारखान्यात 2001 पासून ऑक्टाव्हिया जुळवल्या गेल्या हे खरं, पण त्या उजव्या स्टिअरिंगच्या. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली लागते, वर जबर सीमाशुल्क. तुमची पहिल्याच अटीत बाद. इथेच विका, आणि शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये, हिवाळी टायरांच्या जोडीसकट.