मुलगा लिनक्ससाठी भांडतोय, मॅकबुक घेऊन देऊ का?

प्रश्न : माझा मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासापेक्षा मित्रांशी वाद घालण्यात त्याचा जास्त वेळ जातो. लिनक्स चांगलं की विंडोज (या कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टम), व्हिम चांगलं की व्हीएस कोड (हे कोड लिहायचे एडिटर), रात्री एक-एक वाजेपर्यंत फोनवर हेच चाललेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत त्याने घरच्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून आर्च नावाचं लिनक्स टाकलं. माझे मिस्टर त्याच लॅपटॉपवर काही दुकानांचे हिशेब टॅलीत करतात. बॅकअप पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचलो. आता मिनी प्रोजेक्टचा ग्रुप सोडायचा म्हणतोय, कारण बाकीचे तिघे विंडोजवाले आहेत. आयटीत असलेला माझा भाचा म्हणतो, "मावशी, त्याला मॅकबुक घेऊन दे, सगळं मिटेल." लाखभर रुपये घालावेत का? आणि अशा स्वभावाच्या मुलाची नोकरी टिकेल का? – एक आई, विक्रोळी

उत्तर : ताई, आधी पैशांचं बोलू. मॅकबुक आत्ता घेऊ नका.

मॅकवाचून खरोखर अडतं असं ठळक काम एकच, आयफोन-आयपॅडची अ‍ॅप्स बनवणं. त्यासाठी लागणारं एक्सकोड हे सॉफ्टवेअर अ‍ॅपलने फक्त मॅकवर ठेवलंय. तुमचा मुलगा त्या वाटेला गेल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. भाचा चुकीचं सांगतोय असंही नाही. २००१ साली मॅक ओएस टेन आली, तेव्हापासून मॅकच्या पोटात युनिक्सच आहे, म्हणजे लिनक्सने जिचा कित्ता गिरवला ती जुनी सिस्टम. लिनक्सवरच्या बऱ्याचशा कमांड तिथे चालतात, म्हणून आयटीतल्या पुष्कळ लोकांना तो सोयीचा पडतो. पण त्यांतल्या अनेकांना तो ऑफिसने दिलेला असतो, तुम्हाला घरखर्चातून काढायचाय. शिवाय आताच्या मॅकबुकमध्ये रॅम मागाहून वाढवता येत नाही. ज्या मुलाला मशीन उघडून आत काय आहे ते बघायची हौस आहे, त्याला असं झाकण बंद मशीन देऊन काय साधणार?

टॅलीचा लॅपटॉप त्याच्या बाबांचा. तो परत विंडोजवर आणून त्यांच्याच ताब्यात राहू द्या. टॅलीला विंडोज लागतं, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. इथे मात्र मुलाशी स्पष्ट बोला. लिनक्स टाकल्याबद्दल रागवू नका, न विचारता टाकल्याबद्दल रागवा. उद्या त्याच्या हातात एखाद्या कंपनीचा सर्व्हर येईल. तिथे परवानगी न घेता डिस्क पुसली तर "बॅकअप होता ना" म्हणून कुणी सोडणार नाही.

त्याला स्वतःचा लॅपटॉप हवाच असेल तर रविवारऐवजी एखाद्या शनिवारी दोघं ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारा. (रविवारी बरीच दुकानं बंद असतात.) कंपन्यांमधून निघालेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड लॅपटॉप तिथे नव्या मॅकबुकच्या पाव किमतीत मिळू शकतात आणि लिनक्स त्यांवर छान चालतं. घेताना बायोसला (मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या भागाला) पासवर्ड नाही ना, बॅटरी किती टिकते, रॅमची पट्टी बदलता येते की बोर्डावरच बसवलेली आहे, एवढं मुलालाच तपासू द्या. दुकानदारासमोर उभं राहून त्याला हे विचारता येतं का, तेही तुम्हाला कळेल. त्या मशीनवर एका भागात विंडोज राहू द्यायला सांगा. कॅम्पसच्या ऑनलाइन परीक्षांना जे परीक्षेपुरते ब्राउझर लावतात, त्यांतले अनेक लिनक्सवर चालत नाहीत. सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज आणि मॅकसाठी आहे, लिनक्ससाठी नाही. परीक्षेच्या सकाळी हे कळून उपयोग नसतो.

आता भांडणाकडे येते. तुम्हाला वाटतंय मुलगा बिघडलाय. मला तसं वाटत नाही, कारण हे भांडण त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि ते घालणारी माणसं काही वाया गेलेली नव्हती. व्हिम ज्याच्यावरून आलं तो व्हीआय एडिटर आणि त्याचा प्रतिस्पर्धी ईमॅक्स, दोघांचाही जन्म १९७६चा. त्यांच्या भक्तांची जुंपली ती आजतागायत. (व्हिमबद्दल एक गंमत सांगते. त्यातून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा बघितला गेला होता. तुमचा मुलगा व्हिमची बाजू घेतो तेव्हा त्याचे मित्र बहुधा यावरूनच त्याची टर उडवत असणार.)

या सगळ्यातला सर्वांत गाजलेला वाद जानेवारी १९९२ मधला. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्सने आदल्या वर्षी लिनक्स नावाची नवी सिस्टम लोकांसमोर ठेवली होती. अ‍ॅम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मिनिक्स ही सिस्टम लिहिली होती. लिनस तिच्यावरच शिकला होता. टॅननबाम यांनी जाहीरपणे म्हटलं की लिनक्सची रचना कालबाह्य आहे, सगळं एकाच मोठ्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, कोंबणं म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणं. असा आराखडा माझ्या वर्गात मांडला असता तर चांगले मार्क मिळाले नसते, असंही त्यांनी वादात पुढे ऐकवलं. विद्यार्थी पेटला, तिखट उत्तर दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी आपला तोल गेल्याबद्दल माफीही मागितली.

हा किस्सा तुमच्या मुलाला माहीत असेलच, बहुधा फक्त लिनस जिंकला एवढाच. पण त्या वादात दोघं नेमकं कशावर बोलत होते ते त्याला विचारा. कर्नल एकसंध असावा की छोट्या तुकड्यांचा, सिस्टम इंटेलच्या ३८६ चिपशी किती बांधलेली असावी, दुसऱ्या चिपवर ती नेता येईल का. यातलं प्रत्येक वाक्य तपासून बघता येण्यासारखं होतं आणि दोघांकडेही स्वतः लिहिलेला, चालणारा कोड होता. पुढे लिनक्स ३८६ सोडून असंख्य चिपवर गेलं, अँड्रॉइड फोनच्या तळाशी बसलं, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिल्या पाचशे क्रमांकांचे सगळे सुपरकॉम्प्युटर त्यावरच चालतात. आणि मिनिक्स? २०१७ मध्येच उघड झालं की इंटेलच्या चिपसेटमध्ये देखरेखीसाठी जो छुपा भाग असतो, त्यात मिनिक्स चालतं. म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या लॅपटॉपमध्ये इंटेलची बऱ्यापैकी अलीकडची चिप असेल, तर विंडोजच्या खाली बहुधा टॅननबाम सरांची सिस्टमही गुपचूप जागी असेल. हे मुलाला सांगा. जेवताना त्याचा घास अडकेल.

म्हणून वाद घालतो याची काळजी करू नका. वादात तो काय बोलतो तिकडे लक्ष द्या. "लिनक्स फास्ट आहे" हे कुणीही म्हणेल. कशावर, कोणत्या मशीनवर, कशाच्या तुलनेत, मोजलं कसं? आर्च त्याने तयार स्क्रिप्टने टाकलं की विकी (आर्चची ऑनलाइन माहितीपुस्तिका) वाचत एकेक कमांड देऊन? हाताने टाकलं असेल तर डिस्कची पार्टिशन, बूटलोडर, फाइल सिस्टम हे सगळं त्याला करून कळलंय. दुसऱ्या वर्षाच्या मुलासाठी ते कौतुकाचं आहे आणि ऑपरेटिंग सिस्टमच्या पेपरात त्याला ते उपयोगी पडेल. विंडोज त्याने पूर्वी वापरलं ते गेम खेळण्यापुरतं की त्यावर कधी काही बनवलं? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आतच खरा लिनक्स कर्नल चालवायची सोय जाहीर केली, ती त्याने वापरून पाहिली आहे का? या प्रश्नांवर तो चिडला तर समजा की मतं उसनी आहेत. उठून लॅपटॉप उघडून दाखवायला लागला, तर त्याला चहा करून द्या आणि बघा.

नोकरी टिकेल का, हा तुमचा खरा धसका आहे. साधनांच्या बाबतीत नवख्याला निवड फारशी नसतेच. पहिल्या दिवशी कंपनी लॅपटॉप हातात ठेवते, बँकेच्या प्रोजेक्टवर असाल तर त्यावर एक साधं सॉफ्टवेअर टाकायलाही तिकीट (म्हणजे परवानगीची ऑनलाइन विनंती) काढावं लागतं. मुंबईकर वेस्टर्न बरी की सेंट्रल यावर तासभर बोलू शकतो, पण घर कुठे मिळालं त्यावरच त्याची लाइन ठरते. इथेही तसंच. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर काम मिळालं तर विंडोजशी संबंध येतोच. क्लाउड, डेवऑप्स (सर्व्हर सांभाळणं), एम्बेडेड (यंत्रांतल्या चिपसाठी कोड लिहिणं) अशा कामांत लिनक्सचं टर्मिनल रोजचं. मला तुमच्या मुलाचा कल या दुसऱ्या बाजूला दिसतो, आणि तिथे त्याचं आजचं वेड उपयोगाचं आहे. फक्त मुलाखतीत "तू कोणतं डिस्ट्रो (लिनक्सचा कोणता प्रकार) वापरतोस" याला मार्क नसतात. पोर्ट अडकलाय, कोणत्या प्रोसेसने धरलाय ते शोध, डिस्क भरली, काय खातंय ते सांग, या फाइलची परमिशन ७५५ का आहे, असलं विचारतात. ते येत असेल तर आर्च, उबुंटू, डेबियन, काहीही असो.

स्वभावाची गोष्ट वेगळी. ग्रुप सोडायचं म्हणतोय, ते मला लॅपटॉप पुसण्यापेक्षा जास्त खटकलं. त्याला २०१८च्या गोष्टीची आठवण करून द्या. तोवर टोरव्हाल्ड्स यांच्या लिनक्सने जग व्यापलं होतं आणि सहकाऱ्यांवर तोंडसुख घेण्याबद्दल त्यांचं नावही झालं होतं. त्या सप्टेंबरमध्ये त्यांनी स्वतःच जाहीर माफी मागून काही काळ कामातून बाजूला व्हायचं ठरवलं, लोकांशी नीट वागायला शिकायचं म्हणून. कर्नलसाठी आचारसंहिताही त्याच सुमारास आली. ज्याच्या नावाने मुलगा भांडतो, त्यालाच हे करावं लागलं.

आणि ग्रुप सोडायला तांत्रिक कारण तर मुळीच नाही. गिट आहे ना! ते टोरव्हाल्ड्स यांनीच २००५ मध्ये, अनेक माणसांनी आपापल्या मशीनवर, आपापल्या एडिटरमध्ये एकाच कोडवर काम करावं यासाठी लिहिलं. तो व्हिममध्ये लिहू दे, बाकीचे व्हीएस कोडमध्ये. कमिटमध्ये (गिटने नोंदवलेल्या बदलात) एडिटर दिसत नाही.

फरक पडतो तो भलत्याच जागी, आणि तिथे तुमच्या मुलाचा ग्रुपला खरा उपयोग आहे. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवतं, लिनक्स एकच. त्यामुळे कुणी एक अक्षर बदललं तरी गिटला कधीकधी आख्खी फाइल बदललेली दिसते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची एक छोटी फाइल सुरुवातीलाच टाकली की हा त्रास संपतो. दुसरं, लिनक्सवर मोठं आणि लहान इंग्रजी अक्षर वेगळं धरलं जातं, विंडोजवर साधारणपणे नाही. मित्राने फोटोच्या फाइलचं नाव कोडमध्ये कॅपिटलने लिहिलं आणि फाइल स्मॉलने ठेवली, तर त्याच्याकडे सगळं सुरळीत आणि सर्व्हरवर चढवल्यावर फोटो गायब. सर्व्हर बहुतेक वेळा लिनक्सचाच असतो. म्हणजे चौघांत लिनक्सवर चालवून बघणारा एक जण असणं ही ग्रुपची चैन आहे. कोडची ओळ आत सरकवायला टॅब की स्पेस हा वाद त्यांच्यात असेलच. पायथॉन भाषा असेल तर तिचा शैलीनियम पेप ८ चार स्पेस सांगतो, गो भाषा असेल तर तिचं गोफमट हे साधन टॅबच घालतं. फॉरमॅटर (कोड आपोआप एकसारखा मांडणारं साधन) लावा आणि पुढच्या कामाला लागा.

एक पत्ता देऊन ठेवते, तुमच्या घरापासून लांब नाही. पवईच्या आयआयटीत फॉसी नावाचा प्रकल्प आहे, मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात रुजवण्यासाठी. त्यांची विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी फेलोशिप असते आणि निवडीच्या आधी काम करून दाखवायला सांगतात. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत. ते तुम्हीसुद्धा बघू शकता, म्हणजे रात्री एक वाजता शेजारच्या खोलीत कशावरून आवाज चढलाय ते कळेल. मुलाने फेलोशिपचं काम हाती घेतलं, तर तिथे त्याचा कोड अनोळखी माणसं वाचतील आणि दुरुस्त्या सांगतील.

मिनी प्रोजेक्टचं मात्र थांबवू नका. या आठवड्यातच ग्रुपला एक मेसेज टाकायला सांगा : रिपॉझिटरी (सगळ्यांच्या कोडची सामायिक जागा) मी तयार करतो, लिनक्सवरचं टेस्टिंग माझ्याकडे, एडिटर ज्याला जो हवा तो.