डांबर ते डांबर: गोव्यातला सह्याद्री रविवारी रविवारी चालताना

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: राहता फोंड्याला, नोकरी पणजीत, सुट्टी फक्त रविवारची, आणि चोर्ल्यापासून खोतीगावापर्यंत गोव्याचा अख्खा सह्याद्री चालून काढायचा आहे. किती दिवस लागतील, रात्री जंगलात तंबू टाकता येईल का, आणि दूधसागरचा टप्पा रुळांवरून काढला तर चालेल का?

शेवटचं आधी सांगते. रुळांवरून नाही. कुळे ते कॅसलरॉक हा सदतीसाला एक चढाचा (दर सदतीस मीटरला एक मीटर चढणारा) घाट आहे, त्यात एकामागून एक बोगदे, आणि बोगद्यात अंग चोरून उभं राहायचं म्हटलं तरी जागा मिळेल याचा भरवसा नाही. २०२३च्या जुलैत रुळांवरून निघालेल्या लोकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. उठाबशांवर सुटले ते नशीबवान. तंबूचंही उत्तर नाहीच. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही चारही अभयारण्यं आहेत, रात्र गावातच काढायची.

आता दिवस किती. सरळ रेघ ओढली तर अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास भरेल, आणि कागदावर ते चार-पाच दिवसांचं काम वाटतं. मला चौदा तुकडे आणि तीन हिवाळे लागले. त्यातही धागा दोन ठिकाणी तुटला आहे, आणि तो मी तसाच ठेवला आहे.

तुम्ही उदाहरण दिलंत ते अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलचं. तिथे साडेतीन हजार किलोमीटरभर झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात. तुकडे पाडून चालणारा माणूस गेल्या वर्षी जिथे थांबला तिथे परत येतो, पट्टा शोधतो आणि चालू लागतो. आपल्याकडे पट्टा नाही. आपल्याकडे ढोरवाट आहे, आणि ढोरं गेली तिकडे ती जाते. दुसरं म्हणजे गोव्याची हद्द बरीचशी माथ्याच्या धारेवरून जाते. उत्साहाच्या भरात धार चढलात की तुम्ही कर्नाटकात. तिकडे भीमगड अभयारण्य, खाली दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, म्हणजे दुसऱ्या राज्याचं वनखातं आणि दुसरी परवानगी. तेव्हा माथ्यावरून सलग जाण्याचा नाद सोडा. आपली वाट पायथ्याची आणि मधल्या सोंडांची.

माझा नियम एकच: तुकडा डांबरावर सुरू व्हायला हवा आणि डांबरावर संपायला हवा. किती किलोमीटर झाले याला महत्त्व नाही. अंधार पडायच्या आत तुम्ही अशा रस्त्यावर यायला हवं, जिथून बस, पायलट (मोटरसायकल टॅक्सी), काहीतरी मिळेल. दाट रानात परवानगी-वाटाड्यासह तासाला दोन किलोमीटर झाले तरी बरे म्हणायचे. त्यामुळे दहा-बारा किलोमीटर म्हणजे पूर्ण दिवस. पुढच्या वेळी त्याच थांब्यावर उतरायचं. मी तर शेवटच्या मैलाच्या दगडाला हात लावून घरी येते आणि पुढच्या खेपेला आधी त्यालाच हात लावते. आमचे हे त्याला खूळ म्हणतात. म्हणोत.

आणि दिशा उत्तर-दक्षिण अशी धरून बसू नका. सकाळी अडचणीच्या टोकाला जा, संध्याकाळी सोयीच्या टोकाला उतरा. सकाळी पैसे मोजले की आडगावापर्यंत सोडणारा कुणीतरी भेटतो. संध्याकाळी साडेसहाला त्याच आडगावातून बाहेर काढणारा भेटत नाही, आणि शेवटची कदंबा, म्हणजे सरकारी बस, चुकली की रात्र कुणाच्या तरी पडवीत. उत्तरेकडच्या सत्तरी तालुक्यात याचा अर्थ असा की दिवसाचा शेवट वाळपईच्या दिशेने हवा, मग तो तुकडा नकाशावर उलटा दिसला तरी बेहत्तर.

हे शहाणपण मला सुर्ल्याने शिकवलं. गोव्यात सुर्ला एक नाही. सत्तरीतला सुर्ला चोर्ला घाटाच्या माथ्यावर, धारबांदोड्यातला तांबडी सुर्ला देवळाचा, आणि डिचोलीतला सुर्ला खाणपट्ट्यातला. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या तुकड्याला मी गाडीवाल्याला फोनवर सांगितलं, "चारला सुर्ल्याला या." तो साखळीचा, त्याच्या लेखी सुर्ला म्हणजे डिचोलीचाच. तो तिथे चहा पीत बसला आणि मी घाटमाथ्यावर वाऱ्यात. फोनला रेंज नव्हती. शेवटी बेळगावहून भाजी घेऊन उतरणाऱ्या टेम्पोत बसून साखळीला आले. तेव्हापासून गावाबरोबर तालुका सांगते, आणि जवळचं देऊळसुद्धा.

उन्हाचं गणित पुस्तकात सापडत नाही म्हणून जरा सविस्तर. आपला उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे. डोंगर पूर्वेला, त्यामुळे पायथ्याच्या गावांत सूर्य उशिरा येतो आणि सकाळचे दोन-तीन तास आख्खी चढण सावलीत असते. दुपारी दोननंतर तीच चढण तव्यासारखी तापते. म्हणून चढ नऊच्या आत जितका होईल तितका उरकायचा आणि दुपारी उतरायचं, तेही झाडीतून. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पण गच्च रानात साडेपाचलाच पाय कुठे पडतो ते दिसेनासं होतं. चारला डांबर दिसलं पाहिजे असा हिशेब ठेवला की पाचला दिसतं.

क्रम ऋतूवर लावा. सत्तरी दिवाळी ते नाताळ या काळात संपवा. व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, तेव्हा पाणी असतं पण ओलांडता येतं, जळवा ओसरलेल्या असतात. दुसरं कारण माकडताप. २०१५पासून सत्तरीत त्याचे रुग्ण सापडू लागले. गोचिडीतून पसरणारा हा ताप साधारण जानेवारी ते मे या महिन्यांत जोर करतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं. पालापाचोळ्यात बसकण मारायची नाही, पँट मोज्यात खोचायची, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात. आणि पुढच्या आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरला "जंगलात गेले होते" हे न विचारता सांगायचं. मला एकदा नुसता सर्दीताप होता, तरी सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत.

जानेवारी-फेब्रुवारी नेत्रावळी आणि खोतीगावासाठी ठेवा. मार्च उजाडला की थांबा. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात किती ठिकाणी वणवे पेटले ते आठवत असेल. वाळलेल्या गवतातून चालताना पळायला वाट कुठे आहे हे कुणी विचारत नाही. आणि पावसाळा नको म्हणजे नको. त्याच वर्षी जुलैत मैनापीच्या धबधब्यावर माणसं बुडाली आणि अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली. वर घाटात पडलेला पाऊस खाली तुम्हाला दिसत नाही, फक्त व्हाळाचं पाणी एकाएकी तांबडं होतं. कुठली वाट कधी उघडी असते ते बदलत राहतं, म्हणून आदल्या आठवड्यात त्या भागाच्या वनक्षेत्रपालांच्या कचेरीत स्वतः जा. फोनवर "या" म्हणतात आणि गेटवरच्या माणसाला पत्ता नसतो, असं माझं दोनदा झालं आहे. कागद हातात हवा.

आता तुटलेले धागे. पहिला तांबडी सुर्ला ते कुळे. कदंबकालीन महादेवाचं देऊळ पाहा, आणि तिथून मोल्याकडे सरळ डांबरी रस्त्याने चाला. मधल्या राष्ट्रीय उद्यानातून आडवं जायचा मोह आवरा. गवे आहेत, आणि एकटा निघालेला म्हातारा गवा कळपापेक्षा वाईट. दूधसागरला मी कुळ्याहून जीपने गेले आणि जीपनेच परतले. ३१० मीटर उंचीवरून कोसळणारं पाणी पाहिलं, पण तो दिवस चौदांत मोजलेला नाही.

दुसरा धागा कुळे ते नेत्रावळी. तिथे मी सांग्यावरून साळावली धरणाच्या बाजूने वळसा घातला. हा तुकडा मुद्दाम मेमध्ये केला, नियम मोडून, कारण तेव्हा धरणाचं पाणी उतरतं आणि बुडालेलं कुर्डी गाव वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी. जोत्यांवरून, विहिरीच्या कठड्यांवरून फिरताना पाय भाजत होते, पण निघवत नव्हतं. चौदांतला सगळ्यात कमी अंतराचा आणि सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला दिवस.

नेत्रावळीहून वेर्ल्याचा घाट मी रस्त्यानेच चढले. वाहनं थोडी, सावली भरपूर. वर वेर्ले, तुडव, साळगिणी ही पठारावरची गावं, तिथे घरगुती राहायची सोय होते, म्हणजे एकदाच शनिवार जोडून घ्या. तिथून पुढे काणकोणच्या बाजूला उतरायचं तर परवानगी आणि गावातला वाटाड्या दोन्ही हवं. त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि ठरल्यापेक्षा थोडी जास्त द्या, त्याला परतीचा चढ एकट्याने चढायचा असतो. खोतीगावाला मात्र मी थांबले नाही. तळपण नदी त्याच डोंगरांतून निघते, तिच्या बाजूबाजूने रस्त्याने समुद्रापर्यंत गेले. बूट काढून पाय पाण्यात घातले तर घोट्याला जळवेची जुनी खूण अजून खाजत होती.

पाणी तीन लिटर, त्यातल्या एका बाटलीत कोकम, मीठ, साखर. पोदेर, म्हणजे पाववाला, तुमच्या दारात येईल तोवर तुम्ही बसमध्ये असाल, म्हणून उंडे (गोल पाव) आदल्या संध्याकाळी घेऊन ठेवा.