विरघळलं, पण बदललं का?

भौतिक आणि रासायनिक बदलांचा हा धडा पहिल्यांदा शिकवताना ‘विरघळणं म्हणजे भौतिक बदल’ असं सरसकट सांगू नकोस. आधी विचार, पाणी आटल्यावर तोच पदार्थ परत मिळतो का? गोव्यातल्या पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरांत ऊन हेच तर करतं: खाडीचं पाणी उडून जातं, मीठ उरतं.

आता तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) असतात ना, त्यांची शिंपली माडाच्या विनेगरमध्ये टाक. बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड. शिंपलीतलं कॅल्शियम कार्बोनेट झिजत जातं. द्रव आटवलास तर कॅल्शियम ॲसिटेट मिळेल, शिंपली नाही; म्हणजे हा रासायनिक बदल. हे मुलांना रात्रभर ठेवून बघू दे, घाई अजिबात नको.

बदल रासायनिक आहे का हे ठरवताना तापमानावर मात्र विसंबू नकोस. नवसागर (अमोनियम क्लोराइड) विरघळताना पाणी चांगलंच गार होतं, तरी उन्हात आटवल्यावर नवसागरच हाती येतो.